एकोणिसावं डोकं

मास्तरांना मांडी घालून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीतही ते भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसत आणि ताट मांडीवर घेत. वाढणाऱ्याला आधी राग येई. मग त्याच्या लक्षात येई की हे ते उवांचे मास्तर, आणि तो दोन हात लांब उभा राहून वाढू लागे.

कारण साधं होतं. मास्तरांच्या दोन्ही पोटऱ्यांना एकेक चपटी पत्र्याची डबी फितीनं बांधलेली असे. डबीचा तळ कापून तिथं मलमल ताणून बसवलेली, आणि आत उवा. मलमलीतून त्या मास्तरांचं रक्त पीत आणि जगत. मांडी घातली की डबी दाबली जाई.

"दिवसातून चार-पाच वेळा लागतं त्यांना," मास्तर सांगत. "आपण दिवस मावळल्यावर जेवत नाही, त्या जेवतात. एवढाच फरक."

हे सगळं लढाईच्या दिवसांतलं, सांगलीतलं. मास्तर मुलांच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. घर जैनांचं, हळदीच्या पेठेत दुकान. भाऊ गादीवर बसत, हे शाळेच्या मायक्रोस्कोपपाशी बसत. जिवाला जीव न मारण्याचं वळण लहानपणापासूनचं आणि अभ्यासाला विषय निवडला उवा कशा घालवाव्यात हा. या दोन गोष्टींचा मेळ घालता घालता ती डबी निघाली होती. ऊ माणसाच्या डोक्यावरून काढली की दिवस-दीड दिवसात उपाशी मरते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. मग काढणाऱ्यानं तिला मारलं की नाही? या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही, म्हणून त्यांनी पोटरी पुढं केली. पेठेतले लोक त्याला 'मास्तरांची पांजरपोळ' म्हणत. मास्तरांना त्यात चेष्टा दिसत नसे. "पांजरपोळच आहे," म्हणत.

मी साताऱ्याची. ट्रेनिंग कॉलेज पुरं केलं होतं, लग्न जमत नव्हतं, तेवढ्यात नोकरी जमली. सांगलीत मुलींचं एक लहानसं वसतिगृह होतं. अठरा मुली, त्यांच्यावर मोठ्या बाई, स्वयंपाकाला एक काकू आणि बाकी सगळ्याला मी. एका रविवारी सकाळी फाटकापाशी एक उंच, काटकुळा माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मी काय हवं म्हणून विचारलं. त्यानं वळून न बघता विचारलं,

"आपल्याकडे उवा आहेत का?"

"आमच्याकडे मुली आहेत."

"त्या नकोत. मला उवा हव्यात."

मी त्याला वेडा समजून फाटक लावलं असतं. पण त्यानं खिशातून काचेची नळी काढली आणि कडीवर ठेवली. "अशा नळीत घालून द्या. चिमट्यानं धरू नका, पाय तुटतात. फणीवरून कापसावर घ्या." बायकांशी बोलताना ते कायम असंच कुठल्या तरी निर्जीव वस्तूशी बोलत. कडी, खांब, दौत. स्त्रीच्या केसाला हात लावणं तर सोडाच, तिच्या कपाळाच्या वर त्यांची नजर कधी गेली नाही. म्हणून तर त्यांना माझी गरज होती. मला रविवारी काम नसे आणि रिकामं बसणं जमत नाही, म्हणून मी हो म्हटलं. एवढंच. शास्त्राची ओढ वगैरे काही नव्हती.

त्यांच्याबरोबर काम करायचं तर त्यांचे नियम पाळावे लागत. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही. प्रत्येक डोक्याला एक नंबर. कोणता नंबर कुणाचा, ते मला माहीत असे. त्यांनी एकदाही विचारलं नाही. दुसरा नियम असा, की 'मेली' हा शब्द वापरायचा नाही. पहिल्याच आठवड्यात खोबरेल तेलाचा प्रयोग होता. तेलात बुडवलेल्या सहा उवा घटकाभरानं निपचित पडल्या. मी वहीत लिहिलं, 'सहाही मेल्या.' मास्तरांनी ते खोडलं.

"हालत नाहीत, असं लिहा."

"हालत नाहीत म्हणजे मेल्याच ना?"

"ते उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेल पुसून ठेवलेल्या सहातल्या चार कागदावर फिरत होत्या. मास्तर दौतीला म्हणाले, "काल बाईंनी यांचे दिवस घातले होते."

ज्या खरोखरच उठल्या नाहीत, त्यांच्यासाठी मास्तर एक वेळचं जेवण सोडत. तेलांचे प्रयोग जोरात असत त्या महिन्यात त्यांचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. करंजाचं तेल, कडुलिंबाचा काढा, तंबाखूचं पाणी, सगळं त्यांनी करून पाहिलं. रॉकेल पाहिलं नाही, कारण ते कार्डावर मिळायचं आणि दिव्यालाही पुरत नव्हतं. सीताफळाच्या बियांबद्दल मात्र ते एकदम चिडत. आमच्या मोठ्या बाईंचा तो आवडता उपाय होता. बिया वाटून तेलात कालवून एका मुलीच्या डोक्याला थापल्या, ओघळ डोळ्यात गेला, आणि ती पोर चार दिवस डोळे मिटून बसली. त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्या बाईंशी थेट बोलले. "उवेपायी कुणी आंधळं झालेलं नाही. तुमच्या औषधापायी होईल."

शेवटी त्यांचा भरवसा बसला तो फणीवर. बाजारातल्या लाकडी फणीच्या दातांतून पिल्लं निसटतात, हे त्यांनी मोजून पाहिलं. मग मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. तो सुरांसाठी बारीक करवत चालवणारा माणूस. त्यानं आधी सांबरशिंगाची अतिशय सुंदर फणी करून दिली. मास्तरांनी शिंग बघून हात मागं घेतला. मग शिसवीची केली. तिच्या दोन दातांमधून कागद सरकत नसे. "तारा लावल्या तर वाजंल ही," असं तो कारागीर म्हणाल्याचं मास्तर कौतुकानं सांगत.

पुढं लढाई संपली आणि लष्करातून पांढरी पावडर आली. दोन चिमटी टाकली की काम झालं. मग फणीला कोण विचारतो? मास्तरांनी लिहून काढलेला निबंध मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून परत आला. सोबत पावडरीचं छापील पत्रक होतं. मास्तरांनी पत्रक नीट वाचलं आणि म्हणाले, "अंड्यांबद्दल काही लिहिलेलं नाही." काही वर्षांनी त्या पावडरीला उवा दाद देईनाशा झाल्या, असं मी वाचलं. मास्तर तोवर गेले होते. असते तरी त्यांनी आनंद मानला नसता. कोणत्या तारखेला, असं विचारलं असतं.

त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं. म्हातारी लहानखुरी, तोंडानं तिखट. मुलाच्या उद्योगाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत, पण एकदा पेच पडला. मास्तरांना मायक्रोस्कोपखाली उवेला डोळे दिसले. अगदी बारीक, दोन्ही बाजूंना एकेक. घरी येऊन त्यांनी ते आईला सांगितलं. मी तिथंच नळ्या धुवत होते. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"उवंला तीन इंद्रियं. स्पर्श, चव, वास. म्हाराज सांगत्यात. डोळं न्हाईत तिला."

"मी बघितले, आई."

"तू तिला बघितलंस. तिनं तुला बघितलं व्हय?"

"ते अजून कळलं नाही."

म्हातारीनं थोडा विचार केला. "डोळं असतील तर चार इंद्रियं झाली. म्हंजे पाप वाढलंच की रं. कशाला बघाय गेलास?"

मास्तरांनी दोन दिवस मायक्रोस्कोपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवसापासून प्रयोगाला लागणाऱ्या उवांची संख्या त्यांनी निम्म्यावर आणली.

आता मुख्य गोष्ट. वसतिगृहाच्या कमिटीतल्या एका सभासदांची मुलगी आमच्याच मुलींच्या शाळेत होती. तिच्या डोक्यात ऊ सापडली. कमिटी बसली. खेड्यातल्या पोरी घाण आणतात, असं ठरलं आणि हुकूम निघाला: ज्या मुलीच्या डोक्यात ऊ दिसेल तिचं डोकं भादरावं, नाहीतर तिला घरी धाडावं. खरं सांगायचं तर तो हुकूम ऐकून मला फार वाईट वाटलं नाही. स्वच्छ राहिलं की उवा होत नाहीत, हे मी स्वतः मुलींना रोज सांगत होते.

वाईट वाटलं ते शेवंतामुळे. कडेगावकडच्या एका गावातली दहा वर्षांची पोर, चौथीत. बाप फौजेत, ब्रह्मदेशात. रजेवर आला असताना बायकोशी भांडून त्यानं हिला सांगलीला आणून घातलं होतं. चार महिन्यांत त्याचं कार्ड आलेलं नव्हतं. हुकूम कळला तेव्हा ती माझ्यामागं स्वयंपाकघरापर्यंत आली.

"बाई, माजं भादरनार?"

"दिसल्या तर."

"मग मला सुट्टीलाबी हितंच ऱ्हाऊ द्या, घरी धाडू नगा. घरचा माणूस लढाईवर आन् पोरगी बोडकी हून दारात आली, तर आई ऊर बडवून घील. म्हनंल, बातमी घिऊनच आली ही."

"केस वाढतात गं."

"वाढत्यात. पर ती मला परत धाडायची न्हाई. तिला शाळा नगंच हाय. निमित्त घावतंय तिला."

स्वयंपाकाच्या काकू तिथंच भाकरी थापत होत्या. त्या लहानपणी विधवा झालेल्या, केशवपन झालेल्या. डोक्यावरचा लाल पदर पुढं ओढून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीचं खरं आहे."

मास्तर कमिटीपुढं गेले. अध्यक्ष वकील होते, त्यांनी मास्तरांना पाच मिनिटं दिली. मास्तर टेबलावरच्या शाईच्या डागाशी बोलले. "अंडं फुटायला आठ-दहा दिवस लागतात. पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी तितकेच. मधल्या काळात दर तिसऱ्या दिवशी फणी फिरली, तर अंडी घालायला कुणी उरत नाही. एकवीस दिवस द्या. एकही केस कापावा लागणार नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर माझं चुकलं असं मी लिहून देईन."

"तुमचं लिहून घेऊन आम्ही काय करू? एकविसाव्या दिवशी न्हावी बसेल," वकील म्हणाले.

आणि आम्ही कामाला लागलो. परसात पांढरं धोतर अंथरायचं, केस ओले करायचे, तेल लावायचं आणि फणी. कपाळापासून मानेपर्यंत, एकेक बट धरून. मास्तर भिंतीपलीकडे पाय लांब करून बसत आणि मी आकडे ओरडत असे. "सात नंबर, मोठ्या तीन, पिल्लं नऊ!" सात नंबर म्हणजे शेवंता. ती मान न हलवता विचारी, "बाई, गेल्या येळंपरास कमी हाय न्हवं?" मुलींना सक्त ताकीद होती की डोक्याला डोकं लावायचं नाही. आधी एका कंदिलाभोवती सगळ्या डोक्याला डोकं भिडवून अभ्यास करायच्या, कारण रॉकेल एकाच कंदिलापुरतं. आता मी त्यांना उजेडी अंगणात हातहात अंतरावर बसवू लागले आणि स्वतः एकीकडून दुसरीकडे फिरत पाट्या तपासू लागले. पाठी मोडत, हात तेलकट, पण आकडे उतरत गेले. पंधराव्या दिवशी अठराही डोक्यांत शून्य. त्या दिवशी मास्तरांनी भिंतीपलीकडून "हं" केलं. त्यांच्या हिशेबी तो जल्लोष होता.

अठराव्या दिवशी चार डोक्यांत उवा सापडल्या. शेवंताच्या डोक्यात दोन.

पोर रडली नाही. तिनं वेणी पुढं घेतली आणि हातात धरून ठेवली. मला तिचा नाही, मास्तरांचाच राग आला. मी नळी भिंतीवरून पलीकडे दिली आणि म्हटलं, "घ्या. तुमचे एकवीस दिवस."

पलीकडे मास्तरांनी नळी उजेडात धरली असावी. मग म्हणाले, "या पूर्ण वाढलेल्या आहेत."

"मग?"

"तीन दिवसांपूर्वी ही डोकी साफ होती. तीन दिवसांत ऊ एवढी होत नाही. उडत नाही, उड्याही मारत नाही. म्हणजे चालत आली. चौघी एकत्र झोपतात?"

"नाही. दोघी या टोकाला, दोघी त्या."

"एकमेकींची वेणी घालतात?"

"बंद केलंय. मीच घालते."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"मग चौघींतच का? या चौघींत सारखं काय आहे, बाई?"

मी चार चेहरे डोळ्यांपुढं आणले. एक मराठ्यांची, एक जैनांची, एक शिंप्यांची, एक माळ्यांची. सारखं काही नव्हतं. मग एकदम आठवलं. "चौघी गणितात कच्च्या आहेत."

"असं. त्यांना गणित कोण समजावतं?"

"मी."

"कसं?"

कसं म्हणजे? पाटीवर वाकून. त्यांच्या डोक्याशी डोकं नेऊन. भागाकार दुसऱ्या कुठल्या रीतीनं समजावता येतो, मला माहीत नाही.

मग मास्तर, बहुधा भिंतीलाच, म्हणाले, "आमच्या आईला दुपारी वेळ असतो."

मी गेले. वाटेवर स्वतःला समजावत होते की हा मूर्खपणा आहे. आठवड्यातून दोनदा शिकेकाईनं न्हाणारी बाई मी, अंबाडा असा घट्ट की वाऱ्यालाही शिरता येऊ नये. म्हातारीनं मला मागच्या पडवीत बसवलं, धोतर अंथरलं आणि केस सोडले.

"लय दाट हायत गं." फणी फिरू लागली. दुसऱ्याच फटकाऱ्याला ती थांबली. अलगद काहीतरी कापसावर टेकवलं. पुन्हा फणी. पुन्हा कापूस.

"किती?" मास्तर भिंतीपलीकडून.

"अकरा."

"लिखा?"

"त्या न्हाई मोजत बाबा. पोरीची मान दुखंल."

मी म्हटलं, "पण मला खाज येत नाही. एकदाही आली नाही."

"पहिल्यांदाच झाल्या असतील तर महिना-दीड महिना येत नाही," मास्तर म्हणाले. "खाज हा पुरावा नव्हे. आणि शिकेकाई तर त्यांना बाधतच नाही, ते आपण मार्गशीर्षात केलं होतं. स्वच्छ डोकं, घाणेरडं डोकं, त्यांना दोन्ही सारखं. हेच मी सांगत होतो."

सांगत होते खरं. मीच ऐकत नव्हते. म्हातारीनं माझे केस पुन्हा बांधून दिले आणि पाठीवर थाप मारली. "लाज कसली? दोन दिस आमच्या पोराच्या पायावर ऱ्हातील. पावण्याच त्या." मास्तरांनी वहीत नवी ओळ घातली. नंबर एकोणीस.

मी आपणहून कमिटीकडे गेले का? नाही गेले. हे लिहायला संकोच नाही. नोकरीत मला आठ महिने झाले होते आणि परत साताऱ्याला जाऊन भावाच्या घरी पाणी भरायची इच्छा नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं मास्तर सांगतील. दुसऱ्या दिवशी वाटलं न सांगितलेलं बरं. मग रविवार उजाडला.

अंगणात चिंचेखाली न्हावी धोपटी उघडून बसला होता. मोठ्या बाईंनी सकाळी डोकी बघून काढलेल्या चौघी मुली रांगेत, पुढं शेवंता. कमिटीचे तिघे खुर्च्यांवर. मोठ्या बाई, काकू आणि मी ओसरीवर. मास्तर खांबापाशी उभे होते, हातात वही.

"मास्तर, एकवीस झाले," वकील म्हणाले.

"दहा दिवस आणखी द्या. उवा कुठून येतात ते सापडलं आहे."

"कुठून?"

"एकोणीस नंबरकडून."

"मुली अठरा आहेत."

"हो."

"मग एकोणिसावी कोण?"

"वहीत नावं नसतात."

वकिलांनी चष्मा काढला. "अहो, चार पोरींची डोकी भादरली जातायत आणि तुम्ही नंबर कसले सांगताय? नाव सांगा, सुटेल सगळं."

"ज्याचं डोकं पाहिलं त्याला मी सांगितलं आहे, की नाव बाहेर जाणार नाही." मास्तर खांबाशी बोलत होते, वही छातीशी धरून. "अठरा जणींनाही तेच सांगितलं होतं. तुम्हाला फक्त चौघी दिसतायत, बाकीच्या चौदांत कुणाच्या किती होत्या ते तुम्हाला अजून माहीत नाही. माहीत होणारही नाही."

तिघांची नजर ओसरीकडे वळली. आधी काकूंकडे गेली आणि लाल पदराला लागून लगेच परत फिरली. तिथं संशयाला जागाच नव्हती. मग मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाईंचा हात नकळत अंबाड्यावर गेला, आणि अध्यक्षांनी ते पाहिलं. न्हाव्यानंही पाहिलं. शेवंता मात्र कुणाकडेच बघत नव्हती. ती पुढं वाकून, मान न्हाव्याच्या हाताला येईल अशी करून बसली होती.

"मी," मी म्हटलं. "एकोणीस नंबर माझा."

न्हाव्यानं, अगदी कामाच्या सुरात, विचारलं, "मग सुरवात बाईंपासनं करू का? हुकूम डोक्याचा हाय, वयाचा न्हाई."

वकील खोकले. बिनलग्नाच्या शिक्षिकेचं डोकं कमिटीनं भर अंगणात भादरलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गणपतीच्या देवळापासून हरिपूरपर्यंत पोचली असती, आणि सोबत त्यांचं नाव. ते बाकीच्या दोघांकडे वळून काहीतरी पुटपुटले. दहा दिवस मिळाले. न्हाव्यानं वस्तरा पुसून धोपटीत घातला. शेवंता तशीच वाकलेली राहिली. काकूंनी जाऊन तिला उठवलं.

मला वाटलं होतं मास्तर खूश होतील. ते चांगलेच रागावले होते.

"वहीचा नियम मोडलात तुम्ही."

"माझंच नाव होतं."

"कुणाचंही असो. उद्या दुसऱ्या कुणाला डोकं दाखवा म्हटलं, तर त्याला आजचं अंगण आठवेल."

"मी बोलले नसते तर काय केलं असतंत? पोरीची मान वस्तऱ्याखाली होती."

ते खांबाकडे वळले. "तुम्ही बोलाल असं वाटत होतं," म्हणाले. "पण तो अंदाज. अंदाज वहीत लिहीत नाहीत."

पुढच्या दहा दिवसांत म्हातारीनं माझं डोकं चार वेळा विंचरलं आणि मी मुलींची. मी भागाकार लांबून, फळ्यावर शिकवला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. शेवटच्या दिवशी एकोणीसही डोक्यांत शून्य. मोठ्या बाईंचं डोकं कुणी पाहिलं नाही. त्या पुढच्या महिन्यात स्वतःच एक फणी मागून घेऊन गेल्या आणि कडी लावून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीला शेवंताची आई तिला न्यायला आली. दरम्यान बापाचं कार्ड आलं होतं, तो खुशाल होता. केसांशी त्याचा काही संबंध नव्हता. आई धिप्पाड, थेट बोलणारी. ओसरीवर बसल्या बसल्या तिनं पोरीला पुढ्यात ओढलं आणि वेणी सोडली. गावाकडची बाई पोर भेटली की आधी डोकं बघते. मास्तर नळ्या न्यायला आले होते, ते दाराआड उभे राहिले आणि त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. सरकारी प्रयोगशाळेनं त्यांची परीक्षा पुढंही कधी घेतली नाही. ही बाई घेत होती.

तिनं कानामागं बघितलं, मानेवर बघितलं, उन्हाकडे तोंड करून बघितलं. शेवंता डोळे मिटून बसली होती.

"काय न्हाई की गं." तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय लावलंसा?"

"काही नाही. फणी."

"आवं, मी जल्मापास्नं फणीच फिरवतीया."

"दर तिसऱ्या दिवशी, एकवीस दिवस," शेवंता म्हणाली. "मला येतंय समदं. लिका फोडायच्या न्हाईत, आई. पिल्लू मोठं व्हायच्या आत धरायचं."

बाईनं लेकीकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मग इकडंतिकडं बघत आवाज उतरवला. "घरात समद्यास्नी हायत. सासूबाईंस्नी तर झोप न्हाई. मी हिला ठिवूनच घ्यायला आले हुते. लिवाय-वाचाय आलं, आता बास म्हनून." ती थांबली. "सुट्टी कवा संपती म्हनं?"

"बावीस दिवसांनी," दाराआडून मास्तर म्हणाले. आवाज कुठून आला ते तिला कळलं नाही. तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"मग फणी द्या हिच्याजवळ," ती म्हणाली. "एकवीस दिस हिला आमची डोकी बगू दे. बाविसाव्याला आणून घालते."